क्रूडवरची मोटार

हिंगणघाटच्या एका डॉक्टरांची छोटी काळी मोटार विकायला निघाली होती. पेट्रोलवर चालणारी, चार माणसं जेमतेम मावतील अशी, पण सकाळी किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात चालू होणारी. ती मी घेतली नाही. आयुष्यात मी पुष्कळ गोष्टी घेतल्या नाहीत आणि त्यांतल्या बहुतेक आता आठवतही नाहीत. ही एक मात्र रोज आठवते. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. माझ्या बाबतीत ते औषध लागू पडलेलं नाही.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हंगामातली ही गोष्ट. वडनेरला रस्त्याला लागून आमचं छोटंसं जिनिंग होतं आणि जिनिंगच्या आवारातच घर. कापसातून सरकी काढायची यंत्रं एका जुन्या ऑइल इंजिनावर चालत आणि त्या इंजिनासाठी क्रूडची पिंपं आवारात कायम उभी असत. डिझेलला तेव्हा आमच्याकडे सगळे क्रूडच म्हणत. पेट्रोल भरायचं तर हिंगणघाटच्या पंपावर जावं लागे. क्रूड दारात होतं. म्हणजे मोटार घ्यायची तर क्रूडवरचीच घ्यावी, हे मला दोन अधिक दोन चार इतकं स्पष्ट दिसत होतं. मी तेव्हा तिशीचा होतो. त्या वयात माणसाला आपली बेरीज कधी चुकेल असं वाटत नाही.

क्रूडवर चालणारी घरगुती मोटार तेव्हा सहजासहजी मिळायची नाही. पण नागपुरात एक गॅरेज होतं, तिथं जुन्या विलायती गाड्यांचं पेट्रोलचं इंजिन काढून त्या जागी डिझेलचं बसवून देत. मालगुजारी गेल्यावर कुणा मालगुजारानं फुंकून टाकलेली एक लांबलचक गाडी त्यांच्याकडे अशी तयार उभी होती. तिच्या मागच्या सीटवर आडवं झोपता येत होतं. मी तिच्या प्रेमात पडलो.

बाबा सोबत आले होते. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, मिस्त्रीला इंजिन चालू करायला लावलं. आख्खी गाडी थडथडली, मागून काळ्या धुराचा लोट निघाला, आणि गॅरेजच्या छपरावरचे कावळे उडून गेले. बाबांनी कानावर हात ठेवला.

"मानसं नेयाची हायेत का सरकी?" त्यांनी विचारलं.

"बाबा, एका गॅलनमध्ये पेट्रोलच्या गाडीच्या दुप्पट पळते. आणि तेल किती स्वस्त!"

"पळन ना. पण चालू होईन तवा पळन."

त्यांना डॉक्टरांची छोटी गाडी आवडली होती. आईला तिच्यात चढायला सोपं जातं, असं ते म्हणत होते. मी ऐकलं नाही. शेवटी ते म्हणाले, "तुले चालवाची हाय, तूच पाह्य." निघताना मिस्त्रीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहब, इस इंजिन को दो चीज़ से बचाना. कचरा और हवा." मी मान डोलावली. जिनिंगचं इंजिन मी दहा वर्षं सांभाळत होतो. मला काय शिकवतो, असं मनात म्हटलं.

डॉक्टरांची गाडी पंधरा दिवसांत हिंगणघाटच्या एका कापडवाल्या शेठजींनी घेतली. ते बाबांचे जुने स्नेही. बाजारात भेटले की मी त्यांना डिवचायचो. "शेठजी, तुमची गाडी पेट्रोल पिते का दूध? एक दिवस माझ्याच गाडीला दोर बांधून न्यावी लागणार बघा." ते हसायचे. चार लोक ऐकायला असले की मला आणखी चेव यायचा.

गाडी वाईट नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. तापली की दिवसभर बैलासारखी मुकाट चालायची. फक्त थंडीच्या सकाळी तिला जाग येत नसे. जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत थोडा उतार होता, तिथं मी ती रोज संध्याकाळी तोंड खाली करून उभी ठेवायचो आणि सकाळी सहा हमाल तिला ढकलायचे. ढकलणारे हसायचे, बाबा ओसरीवर बसून हसायचे. "काऊन रे, आज किती मानसं लागली स्वस्ताईले?" मला राग यायचा, पण दोनतीन महिन्यांत बाबांचंही त्या गाडीशी जुळलं. तिचा ठकठकाट मैलभरावरून ऐकू यायचा. मी हिंगणघाटाहून परत येत असलो की ओसरीवरून ते आईला हाक मारून सांगत, "आला तुह्या पोराचा टरक. भाकर टाक." मी हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ताटात गरम भाकरी पडायची. तेवढं सुख त्या गाडीनं दिलं.

आता कापसाचं सांगतो. कापसाच्या घरात कशालाही बोळा लावायची सवय असते. दौतीला बोळा, अत्तराच्या कुपीला बोळा, दुखऱ्या कानात बोळा, उंदराच्या बिळाला बोळा. आमच्या घरात बूच नावाची वस्तू कुणी विकत आणल्याचं मला आठवत नाही. हरवलं झाकण की ओढ मूठभर कापूस आणि कोंब. आजोबा तसं करत, बाबा तसं करत, मीही करत होतो. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण त्यामुळे आजवर काही बिघडलं नव्हतं.

संक्रांतीच्या आधी एका बैलबंडीच्या रस्त्यावर दचके खाताना गाडीच्या टाकीचं झाकण कुठेतरी पडलं. तसलं विलायती झाकण हिंगणघाटात मिळेना. नागपूरला निरोप धाडला. तोपर्यंत काय? जिनिंगमधल्या कापसात पालापाचोळा असतो, तो तेलात जायला नको, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी देवघरात गेलो. आई वाती वळत बसली होती. तिच्या डब्यातला कापूस सगळ्यांत स्वच्छ, एकेक काडी वेचून काढलेला.

"आई, जराक कापूस दे."

"कायले?"

"गाडीले."

ती हसली. "आता गाडीची बी आरती करतं का?" असं म्हणून तिनं चांगला मूठभर कापूस काढून दिला. मी त्याचा घट्ट बोळा करून टाकीच्या तोंडात बसवला.

त्याच दिवसांत बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांना मीच गाडीतून नेलं होतं, मागच्या सीटवर आडवं निजवून. वाटेत ते एकदाही कण्हले नाहीत. "लांब गाडीचा एवढा तरी उपेग झाला," म्हणाले. ऑपरेशन नीट झालं. माझी धाकटी बहीण वर्ध्यातच दिलेली; ती आणि आई आळीपाळीनं त्यांच्यापाशी बसत. आठवड्यानं ते उठून बसायला लागले आणि त्यांनीच आईला घरी पाठवलं. "दोन दिस जा, आंग धू, झोप घे. मी कोठी पळून जातो?" मी तिला घेऊन आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला वर्ध्याहून एक माणूस बहिणीची चिठ्ठी घेऊन आला. रात्रीपासून बाबांना ताप चढला आहे, डॉक्टर काही बोलत नाहीत, आईला घेऊन लगेच ये, ते सारखं तिचं नाव घेत आहेत. आईला मी पुढची अर्धी चिठ्ठी वाचून दाखवली नाही. तिनं विचारलंही नाही. तिनं फक्त लुगडं बदललं आणि म्हणाली, "बाबू, हिंगणघाटावरून रेल्वेनं जाऊ का? गाडीचं काय सांगता येते."

"घरी मोटार असताना रेल्वेची वाट पाहत बसायचं?" मी म्हणालो.

त्या दिवशी ती गाडी पहिल्या धक्क्यात चालू झाली. इतर दिवशी सहा माणसांना घाम फोडणारी, त्या दिवशी दोघांनी हात लावला आणि चालू. नसती झाली तर आम्ही बस पकडली असती, हिंगणघाटला रेल्वे पकडली असती. मी त्या गाडीला पुष्कळ शिव्या दिल्या आहेत; सर्वांत जास्त त्या पहिल्या धक्क्यासाठी.

हिंगणघाटपर्यंत ठीक गेलो. गाव मागं टाकून वर्ध्याच्या रस्त्याला लागलो, दोनेक मैल झाले, आणि इंजिन अडखळलं. एकदा, दोनदा, आणि बंद. मी बॉनेट उघडलं. क्रूडच्या इंजिनाचं एक असतं: तेलाच्या नळीत हवा शिरली की ते मरतं. मग स्क्रू ढिला करायचा, हातानं पंप मारायचा, बुडबुडे संपून निव्वळ तेल यायला लागलं की स्क्रू आवळायचा. मी ते केलं. बुडबुडे निघाले, तेल आलं, गाडी चालू झाली. माझी छाती फुगली. "हवा होती," मी आईला सांगितलं. अर्ध्या मैलावर ती पुन्हा बंद पडली.

तिसऱ्यांदा मी स्क्रू सोडत होतो तेव्हा मागून ती छोटी काळी मोटार आली. शेठजी एकटेच होते, वर्ध्याला निघालेले. थांबले, उतरले, हकिगत ऐकली.

"भाऊ, वहिनीले माह्या गाडीत बसू दे. मी सोडतो दवाखान्यात. तू ये मागून."

आईनं दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. मला तो हात दिसला. काळ्या बांगड्या, बोटाला वाती वळून वळून पडलेला घट्टा. मी तो पाहिला आणि म्हणालो, "नाही नाही शेठजी, कशाला. पाच मिनिटांचं काम आहे, हवा काढली की झालं. तुम्ही व्हा पुढं, आम्ही मागं आलोच."

"पाह्य बरं. बसल्या तर काई बिघडत नाई."

"अहो, तुमच्या आधी पोचू," मी म्हणालो. हसून म्हणालो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही जळला नव्हता अजून. मला कळलंच नव्हतं की आग लागली आहे. बाजारात चार लोकांसमोर ज्याला डिवचलं, त्याच्या गाडीत स्वतःच्या आईला बसवायची मला लाज वाटली. दुसरं काहीही कारण नव्हतं. नंतर अनेक वर्षं मी मनाशी दुसरी कारणं शोधत बसलो, त्यांतलं एकही टिकलं नाही. आईनं मुठीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. ती माझ्या शब्दाबाहेर गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं. शेठजींची गाडी धूळ उडवत निघून गेली.

त्यानंतर किती वेळा गाडी थांबली ते मी मोजलं नाही. फर्लांगभर चालायची, मरायची. मी हवा काढायचो, ती चालू व्हायची, माझी पुन्हा खात्री पटायची की हवाच आहे. माझे हात कोपरापर्यंत तेलानं माखले. ऊन वर चढलं. आई उतरून बाभळीच्या थोड्याशा सावलीत बसली. एकदा दुरून रेल्वेची शिटी ऐकू आली. तिनं तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला. मी तिला चिडून म्हणालो, "होतंय, होतंय! घाई करून काय होणार?" तिनं एका शब्दानंही घाई केली नव्हती.

दोनच्या पुढं एक ट्रकवाला थांबला. उतरला, बिडी लांब फेकून दिली, माझं सगळं ऐकलं आणि गाडीच्या मागच्या बाजूला गेला.

"टाकीचं झाकन कुठी हाय?"

"हरवलं. कापसाचा बोळा लावलाय."

"बोळा कुठी हाय?"

मी जाऊन पाहिलं. टाकीचं तोंड उघडं होतं. दचक्यांनी बोळा आत गेला होता. ट्रकवाल्यानं एक तार वाकवून आकडा केला, टाकीत घालून दोनतीनदा फिरवला आणि क्रूडनं निथळणारा कापसाचा गोळा बाहेर ओढला. इंजिन चालू असताना तेल ओढलं जातं, तसा तो गोळा टाकीतल्या नळीच्या तोंडाला चिकटायचा. इंजिन बंद पडलं की ओढ संपायची आणि तो सुटून तरंगायचा. म्हणून मी काही केलं की गाडी चालू होत होती. बोळा आत असेपर्यंत कितीही हवा काढली तरी ती पुन्हा शिरणारच होती.

"कापूसवाले दिसता," तो हसून म्हणाला. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याचं हसू थांबलं. त्यानं हवा काढून दिली, पैसे घेतले नाहीत.

आई अजून बाभळीखालीच होती. मी तो बोळा फडक्यात गुंडाळून सीटखाली सारला. तिच्या डब्यातला कापूस होता तो. तिला दिसायला नको होता.

मग ती गाडी वर्ध्यापर्यंत एकदाही थांबली नाही.

दवाखान्याच्या पायरीवर बहीण उभी होती. तिच्याकडं पाहिल्याबरोबर आई जिथं होती तिथंच खाली बसली. बाबा दोन वाजता गेले होते. आम्ही पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. शेठजी साडेबारालाच पोचले होते. आत बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मला पाहून ते उठले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर निघून गेले. मला त्यांनी कधीही काही म्हटलं नाही. बाजारात भेटले की मीच रस्ता बदलायचो.

रात्री सगळं आटोपून बहिणीच्या घरी बसलो असताना तिनं सांगितलं. ती मला दोष देत नव्हती. ती आईला धीर द्यायला सांगत होती, की बाबा शेवटी एकटे नव्हते, शुद्धीत होते, आणि तुझ्याच वाटेकडं कान लावून होते.

"शेठकाका आले अन् त्याईनं बाबाले सांगतलं, मागंच येऊन राह्यले म्हने ते. मंग बाबा एकदम सावध झाले. मले म्हनाले, उशी उंच कर. खिडकीखालूनच रस्ता जाते ना, तेथून टरक गेला का म्हनायचे, 'आली. पाह्य, तुही माय आली.' मी उठून पाहाची. टरक असाचा. मी म्हनाची, 'नाई बाबा, टरक हाय.' थोड्या वेळानं अखीन एक. पुन्हा, 'आता आली, पाह्य.' शेवटी शेवटी मी उठून पाहाचंच सोडलं. मी म्हनाची, 'हो बाबा, आलीच आता, जिन्यात हाय.'"

डॉक्टरांच्या त्या छोट्या गाडीचा आवाज त्यांना ट्रकच्या आवाजातून वेगळा ओळखता आला असता. माझ्या गाडीचा नाही. मी त्यांना ट्रकच घेऊन दिला होता. वर्ध्याच्या त्या रस्त्यावरून हंगामात दिवसभर ट्रक जातात. दीड तास ते मोजत होते.

आईनं हे सगळं खाली मान घालून ऐकलं. मग माझ्याकडं वळून पहिल्यांदाच विचारलं, "बाबू, काय झालतं गाडीले?"

"हवा घेतली होती," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. पुढं कुणी विचारलं तर तीही तसंच सांगायची, गाडीनं हवा घेतली, पोराचा काई दोष नाई. लोक मान डोलवायचे. क्रूडच्या गाडीचं असंच, असंही म्हणायचे. खरं म्हणजे क्रूडचा दोष नव्हता आणि पेट्रोलचीही काही थोरवी नव्हती. बोळा त्या छोट्या गाडीत कोंबला असता तर तीही थांबली असती. मी मात्र कबूल करायला गेलो की दोन गोष्टी एकत्र सांगाव्या लागत होत्या, एक कापसाची आणि एक दाराच्या मुठीवरच्या हाताची. पहिली सांगून तिला दुखवायचं नव्हतं. दुसरी तिला माहीत होती. म्हणून मी गप्प राहिलो, आणि ती असेपर्यंत गप्पच राहिलो.

गाडी मी महिन्याभरात पडेल भावानं काढून टाकली. आई त्यानंतर सतरा वर्षं होती. देवघरात वाती वळत बसायची, कुणाशी ना कुणाशी बोलत असायची, आणि जिनिंगचं घर रस्त्याला लागून, त्यामुळे हंगामात ट्रक यायचेच. दुरून ठकठक ऐकू आली की तिचं बोलणं अर्ध्यात थांबायचं, हातातली वात तशीच राहायची. ट्रक फाटकावरून पुढं निघून गेला की मग ती पुन्हा बोलायला लागायची.